कॅमेरा ड्रोन कसा निवडावा, आणि पुढे काय बदलावे

ड्रोन घेताना नवख्याची नजर दोन आकड्यांवर जाते: किती मेगापिक्सेल आणि किती किलोमीटर लांब जातो. फोटोच्या दर्जाशी या दोन्हींचा संबंध सगळ्यात कमी. पाच किलोमीटर लांब गेलेला ड्रोन डोळ्यांना दिसत नाही, बऱ्याच देशांत तसा उडवायला परवानगीही नसते, आणि इतक्या लांबून काढावा असा फोटो क्वचितच असतो. खाली दिलेला क्रम फोटोपासून सुरू होतो आणि मशीनकडे येतो. पुढे काही बदलायचे ठरवाल तेव्हाही हाच क्रम उपयोगी पडेल.

१. आधी फोटो ठरवा

निसर्गदृश्ये, इमारती, शेतजमिनीचे वरून घेतलेले सरळ फोटो, की मुख्यतः व्हिडिओ? प्रत्येकाला वेगळे काही लागते. इमारतींसाठी रेषा सरळ ठेवणारी लेन्स आणि थोडी लांब फोकल लेंग्थ (दूरचे जवळ दाखवणारी) बरी. सूर्योदय-सूर्यास्ताला सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, महत्त्वाचा. व्हिडिओला गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारी चौकट), बिटरेट (सेकंदाला किती माहिती साठते) आणि फिल्टर. प्रवासात पाठीवर न्यायचा असेल तर वजन.

उंचीचा हिशेब एकदा करून पाहा, त्यात बरेच काही कळते. बहुतेक ड्रोनची मुख्य लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २४ मिमीच्या आसपास असते. १०० मीटरवरून सरळ खाली पाहिले तर तिच्यात सुमारे १५० मीटर रुंदीची जमीन येते. २० मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ पिक्सेल रुंद असतो, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर २.७ सेंटिमीटर. माणसाचे डोके वरून पाहिले तर सात-आठ पिक्सेलांत संपते. तोच ड्रोन ३० मीटरवर आणला की एक पिक्सेल ८ मिलिमीटरचा होतो आणि कौलांच्या ओळी, बोटीचे दोर, पायवाटेचे दगड दिसू लागतात. जितके उंच तितका फोटो भारी, ही समजूत इथेच सोडून द्या. पाहण्यासारखे बहुतेक हवाई फोटो १५ ते ५० मीटरांत निघतात.

२. या अटी पूर्ण नसतील तर पुढे पाहूच नका

तीन अक्षी गिम्बल हवाच. ड्रोन वाऱ्याने सतत तिन्ही दिशांना हलतो आणि कॅमेरा स्थिर ठेवायचे काम गिम्बलच्या तीन मोटरी करतात. स्वस्त मशीनवर ‘इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण’ लिहिलेले असते. त्यात चित्राच्या कडा कापून थरथर लपवली जाते. संध्याकाळच्या मंद शटरला, म्हणजे सेन्सर जास्त वेळ उघडा ठेवताना, त्याचा काही उपयोग होत नाही, कारण फ्रेम आधीच फिसकटलेली असते.

उपग्रहांवरून स्थान धरणारा ड्रोन घ्या. जीपीएस नसलेला ड्रोन उघड्यावर वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि सिग्नल तुटला तर त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसतो.

फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे डीएनजी फाइलमध्ये, साठवता आला पाहिजे. आकाश उजळ आणि जमीन काळोखी, हे हवाई फोटोचे रोजचे दुखणे. जेपेगमध्ये जळालेले ढग परत मिळत नाहीत.

आणि सेन्सरचा आकार माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला हवा. ‘४के’ किंवा ‘८के’ मोठ्या अक्षरांत छापले आहे, पण सेन्सरचा आकार, गिम्बलचे अक्ष आणि बिटरेट कुठेच नाही, असे मशीन बहुधा लहान चित्र फुगवून मोठे करते.

३. सेन्सर आणि अॅपर्चर एकत्र मोजा

इथे थोडे थांबायला हवे, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच चुकीचे जातात.

सेन्सरचे नेहमीचे आकार चार. १/२.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिमी, १/१.३ इंचीचे सुमारे ६९, १ इंचीचे ११६ आणि फोर थर्ड्सचे २२५. (‘१ इंची’ हे नुसते नाव आहे, प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी असतो.) मोठा सेन्सर चांगला हे खरेच, पण त्यावर प्रकाश किती पडतो ते लेन्सच्या अॅपर्चरवर, म्हणजे भोकाच्या एफ-क्रमांकावर ठरते; क्रमांक जितका लहान तितके भोक मोठे. अंदाजासाठी क्षेत्रफळाला एफ-क्रमांकाच्या वर्गाने भागा.

१/२.३ इंची, एफ/२.८: २८ ÷ ७.८४, सुमारे ३.६
१ इंची, एफ/२.८: ११६ ÷ ७.८४, सुमारे १५
१/१.३ इंची, एफ/१.७: ६९ ÷ २.८९, सुमारे २४
फोर थर्ड्स, एफ/२.८: २२५ ÷ ७.८४, सुमारे २९

म्हणजे अंधारात, एकच शटर ठेवून, डीजेआय कंपनीच्या मिनी ४ प्रोसारखा एफ/१.७ चा हलका ड्रोन १ इंची सेन्सरच्या जुन्या, वजनदार ड्रोनपेक्षा जास्त प्रकाश गोळा करतो आणि त्याच कंपनीच्या माविक ३ च्या फोर थर्ड्सच्या जवळ पोचतो. ‘मोठा सेन्सर म्हणजे रात्रीचे फोटो चांगले’ असे डोळे झाकून मानणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

दिवसा मात्र चित्र उलटते. भरपूर प्रकाशात प्रत्येक सेन्सर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर काठोकाठ भरता येतो आणि मोठ्या सेन्सरमध्ये एकूण मावते जास्त. त्यामुळे सावल्या उचलल्या तरी त्यात कण कमी दिसतात. मोठ्या सेन्सरच्या ड्रोनना बहुधा बदलते अॅपर्चर असते. माविक ३ मध्ये ते एफ/२.८ ते एफ/११ आहे. व्हिडिओत त्याचा फायदा खरा. फोटोसाठी एफ/४ ते एफ/५.६ मध्ये राहा. १ इंची सेन्सरवर एफ/८ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने) सगळी फ्रेम मऊ, म्हणजे किंचित पुसट, होऊ लागते.

४८ मेगापिक्सेलबद्दल एवढेच: अशा लहान सेन्सरवर चार-चार शेजारी पिक्सेल एकाच रंगाच्या फिल्टरखाली असतात आणि मुळात ते एकत्र धरून १२ मेगापिक्सेल देण्यासाठी बनवलेले असतात. लख्ख उन्हात ४८ चा थोडा फायदा दिसतो. ढगाळ हवेत आणि संध्याकाळी १२ वरच ठेवा.

फोकसची पद्धतही विचारून घ्या. काही लहान ड्रोनमध्ये फोकस कायमचा बसवलेला असतो, तिथे चिंता नाही. ऑटोफोकसच्या ड्रोनवर उडाल्यावर लांबची ठळक कडा स्क्रीनवर टिचकावून फोकस घ्या आणि मग मॅन्युअल करा. नाहीतर मधेच तो धुक्यावर किंवा पाण्यावर फोकस शोधत बसतो.

४. वजन, वारा आणि बॅटरीचे खरे मिनिट

अनेक देशांचे नियम २५० ग्रॅमला सैल-कडक होतात, म्हणून २४९ ग्रॅमचे ड्रोन निघाले. जिथे उडवणार तिथली नोंदणी, उंचीची मर्यादा (बऱ्याच ठिकाणी १२० मीटर किंवा ४०० फूट) आणि निषिद्ध क्षेत्रे खरेदीच्या आधी पाहा. वजन मोजताना पंख्यांची जाळी, जास्त क्षमतेची बॅटरी, पायांना लावायचे उंचवटे, सगळे धरायचे. मिनी ४ प्रोला मोठी बॅटरी लावली की तो २५० च्या पुढे जातो.

हलक्या ड्रोनची वारा सोसण्याची मर्यादा माहितीपत्रकात १०.७ मीटर प्रतिसेकंद अशी दिसते, म्हणजे ताशी ३८ किलोमीटर. याचा अर्थ इतक्या वाऱ्यात तो जागा धरून राहू शकतो. आरामात फोटो काढता येतात असा नाही. समजा, ड्रोनचा नेहमीच्या मोडमधला वेग १२ मीटर प्रतिसेकंद आहे आणि वारा ९. वाऱ्याच्या दिशेने एक किलोमीटर जायला ४८ सेकंद लागतील, परत यायला साडेपाच मिनिटे. म्हणून पहिला नियम: जाताना वाऱ्यावर तोंड करून जा, येताना वारा पाठीशी घ्या. जमिनीवर पान हलत नसले तरी ६० मीटरवर वारा जोराचा असू शकतो. स्पोर्ट मोडने वेग वाढतो, पण बहुतेक ड्रोनमध्ये त्या मोडमध्ये अडथळे टाळणारे सेन्सर बंद होतात.

जाहिरातीतली ३४ मिनिटे वारा नसताना, बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजलेली असतात. २०-२५ टक्के शिल्लक ठेवून उतरायचे म्हटले की हातात २५ ते २७ मिनिटे राहतात, वाऱ्यात आणखी कमी. थंडीत, विशेषतः १० अंश सेल्सिअसच्या खाली, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लावताच व्होल्टेज एकदम पडते. बॅटरी खिशात उबदार ठेवा आणि उडाल्यावर मिनिटभर जमिनीजवळच तरंगू द्या.

५. पहिल्या उड्डाणाच्या आधी

१. घरीच फर्मवेअर (ड्रोनचे आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. मैदानात, फोनच्या डळमळत्या इंटरनेटवर नको.
२. गिम्बलचे संरक्षक कव्हर काढूनच ड्रोन चालू करा. कव्हरसकट चालू केला तर गिम्बलच्या मोटरी अडून तापतात आणि ‘गिम्बल ओव्हरलोड’चा इशारा येतो.
३. गाडीचे टप, लोखंडी झाकण, सळयांचे काँक्रीट यांवरून उडवू नका. कंपास फसतो, आणि मग ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी वाढत्या गोलात फिरू लागतो. कंपास कॅलिब्रेटही मोकळ्या मातीवरच करा.
४. पुरेसे उपग्रह मिळून ‘होम पॉइंट’ नोंदला गेल्याचा संदेश येईपर्यंत थांबा. घाईने उडालात तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन भलत्याच जागी परतेल.
५. परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा, मनोऱ्यापेक्षा २०-३० मीटर जास्त ठेवा, पण कायदेशीर मर्यादेच्या आत.
६. दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट तरंगवा. सरकत नाही, आवाज एकसारखा आहे, सगळ्या स्टिकना प्रतिसाद देतो, हे पाहून वर जा.

स्क्रीनवर दिसणारी उंची जिथून उडालात तिथपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी उडून उताराकडे गेलात तर स्क्रीन ६० मीटर दाखवते आणि झाडांचे शेंडे दहा मीटरवर असतात. परतीची उंचीही याच हिशेबाने चालते. अडथळ्यांच्या सेन्सरवर फार विसंबू नका: विजेच्या तारा, निष्पर्ण काटक्या आणि काच त्यांना नीट दिसत नाहीत, आणि शांत पाण्यावर खालचे सेन्सर अंतर चुकीचे वाचतात. उतरताना सरळ उभे, वेगाने खाली येऊ नका; ड्रोन स्वतःच ढकललेल्या हवेत सापडून डगमगतो. किंचित तिरके या.

६. सेटिंग, थोडक्यात

फोटोसाठी डीएनजी अधिक जेपेग, आयएसओ १००, हिस्टोग्राम (उजेड-काळोखाचा आलेख) चालू. आकाश आणि जमीन यांत फार तफावत असेल तर ब्रॅकेटिंग: वेगवेगळ्या एक्सपोजरचे पाच फोटो. २० मेगापिक्सेलची न दाबलेली डीएनजी ४० एमबीच्या आसपास असते, म्हणजे पाचांचा संच २०० एमबी; कार्डावर लिहून होईपर्यंत स्टिकना हात लावू नका. वारा पडलेला असेल तर चांगला गिम्बल अर्ध्या ते एक सेकंदाचा शटरही झेलतो. एकाच दृश्याचे चार-पाच काढा, त्यांतला एक कडक निघतो. पॅनोरमाला शेजारच्या फ्रेममध्ये तीस-चाळीस टक्के भाग सामाईक ठेवा. जास्त मेगापिक्सेलचा ड्रोन घेण्यापेक्षा ही युक्ती बरीच स्वस्त.

७. नवे काही घेण्याआधी बिघडलेले फोटो वाचा

मशीनचा कंटाळा आला म्हणून बदलू नका. फोटो कुठे अडतोय ते शोधून तेवढेच बदला. टाकून दिलेल्या फोटोंची एक फोल्डर ठेवा आणि दोषांप्रमाणे वेगळे करा.

सगळी फ्रेम मऊ असेल तर आधी लेन्सवरचा बोटाचा ठसा, मग फोकस, मग शटर, मग फार बंद अॅपर्चर, या क्रमाने तपासा. यांत खर्च शून्य. पण दरवेळी एकच बाजू मऊ दिसत असेल तर लेन्स तिरकी बसली आहे. वॉरंटीत असताना दुरुस्तीला द्या.

व्हिडिओत जेलीसारख्या लाटा दिसल्या की पंख्यांची पाती तपासा. कडेवरून नख फिरवा. बारीकशी खाचसुद्धा कंपनाला पुरते. एका मोटरची पाती एकत्र बदलायची आणि फिरण्याच्या दिशेची खूण जुळवायची. उलट दिशेचे पाते लावले तर ड्रोन उडता उडताच पालथा होतो. स्क्रूने बसणाऱ्या पात्यांबरोबर आलेले नवे स्क्रू वापरा, जुने सैल होतात. पाती धड असूनही लाटा राहिल्या तर गिम्बलला धरणारे रबरी तुकडे निखळले किंवा फाटले आहेत का ते पाहा.

क्षितिज कलले असेल तर ड्रोन सपाट जागी ठेवून गिम्बल कॅलिब्रेट करा. वरच्या कोपऱ्यात पाती दिसत असतील तर कॅमेरा काही अंश खाली करा किंवा वेग कमी करा. दोन्हीवर पैसे खर्चायची गरज नाही.

विषय नेहमी लहान दिसतो आणि जवळ जाता येत नाही? इथे मात्र खरेच मशीन बदलावे लागते. एअर ३ सारख्या ड्रोनमध्ये २४ मिमीबरोबर ७० मिमीचा दुसरा कॅमेरा असतो. मागचे डोंगर विषयाजवळ ओढल्यासारखे दिसतात आणि फोटोचा ढंगच पालटतो. आमच्या मते लहान ड्रोनवरून वर जाणाऱ्याला सेन्सर एक पायरी मोठा होण्यापेक्षा या दुसऱ्या लेन्सचा फरक जास्त जाणवतो.

संध्याकाळचे फोटो खरबरीत येत असतील तर आधी आयएसओ कमी करून लांब शटर वापरून पाहा. तरीही समाधान नसेल तर वरचा भागाकार काढा आणि नव्या मशीनचा आकडा सध्याच्या निदान दुप्पट येतो का ते पाहा. दुप्पट म्हणजे एक स्टॉप. त्याहून कमी फरक छापील फोटोत शोधावा लागतो.

८. सुटे सामान: काय आधी, काय कधीच नाही

पहिला खर्च दोन जादा बॅटऱ्या. एकाच बॅटरीवर माणूस घाईत उडतो आणि चांगला प्रकाश येतो तेव्हा ती संपलेली असते. भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे ठेवू नका. ४० ते ६० टक्क्यांवर, प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्ट, अशी साठवा. फुगलेली बॅटरी उडवायची नाही, चार्जही करायची नाही. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोके झाकून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते.

मेमरी कार्ड व्ही३० खुणेचे. १५० मेगाबिट बिटरेटचा व्हिडिओ सेकंदाला १८.७५ एमबी लिहितो, मिनिटाला १.१ जीबी, आणि व्ही३० कार्ड निदान ३० एमबीचा सततचा वेग देते. नकली कार्डे खूप असतात. एच२टेस्टडब्ल्यूसारख्या सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून वाचून पाहा, मग ड्रोनमध्येच फॉरमॅट करा.

एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, व्हिडिओसाठी. २५ फ्रेमला शटर १/५० असावा म्हणजे हालचाल नैसर्गिक दिसते. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला योग्य शटर १/३२०० येतो. तिथून १/५० पर्यंत सहा स्टॉप, म्हणजे एनडी६४. ढगाळ हवेत एनडी१६ पुरे. एफ/१.७ च्या ड्रोनला त्याच उन्हात एनडी१२८ किंवा २५६ लागतो, म्हणून ८-१६-३२ चा स्वस्त संच त्याला अपुरा पडतो. साध्या फोटोंना एनडी जवळजवळ लागत नाही. पोलरायझर पाण्यावरची चमक काढतो, पण त्याचा कोन जमिनीवरच ठरवावा लागतो आणि ड्रोन वळला की परिणाम बदलतो. रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टाही दिसतो. फिल्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेला, हलकाच घ्या. जड फिल्टरने गिम्बलचा तोल जातो.

उन्हात फोनची स्क्रीन दिसत नसेल तर ७०० निट किंवा त्याहून उजळ, स्वतःची स्क्रीन असलेला कंट्रोलर घ्यावा. फोटो नीट रचता येणे हा मोठाच फरक आहे. अँटेनाला चिकटवायचे पत्रे, लेन्सवर लावायची वाइड काच आणि ड्रोनशी माहितीची देवाणघेवाण न करणाऱ्या स्वस्त बॅटऱ्या कधीच घेऊ नका. सिग्नल सुधारायचा असेल तर अँटेनाची टोके ड्रोनवर रोखू नका, त्यांची रुंद बाजू ड्रोनकडे करा. एवढे बहुधा पुरते.

९. वापरलेला ड्रोन घेताना

उजेडात, विक्रेत्यासमोर, उडवूनच घ्या. मोटरी हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगमध्ये वाळू आहे. हातांच्या सांध्यांवर चिरा आणि जास्त चमकणारे नवे स्क्रू शोधा, ते उघडल्याची खूण असतात. अॅपमध्ये प्रत्येक बॅटरीचे चार्ज-चक्र आणि सेलमधला व्होल्टेजचा फरक पाहा. एक सेल भरलेल्या अवस्थेत ०.१ व्होल्टने मागे असेल तर ती बॅटरी मोजू नका.

मग दोन मिनिटे तरंगवा, कॅमेरा वर-खाली पूर्ण फिरवा, मोकळ्या आकाशाचा एक आणि बारीक तपशिलाच्या भिंतीचा एक असे डीएनजी फोटो घ्या. पहिल्यात सेन्सरवरची धूळ दिसते, दुसऱ्यात चारही कोपरे सारखे कडक आहेत का ते कळते. शेवटी जुन्या मालकाच्या खात्यातून ड्रोन सोडवला गेला आहे याची तिथेच, तुमच्या फोनवर तुमच्या खात्याला जोडून खात्री करा. खाते सुटले नसेल तर नवे खाते जोडले जात नाही, आणि पैसे दिल्यावर विक्रेता फोन उचलेलच असे नाही.